दप्तराची साक्ष

लोकप्रशासन, कायदा आणि शासनव्यवहार या विषयांत संशोधन करणाऱ्याला एक अडचण येते, जी भूगर्भशास्त्रज्ञाला किंवा वनस्पतिशास्त्रज्ञाला येत नाही. खडकात वयाच्या खुणा असतात, झाडाच्या खोडात वाढीची वर्तुळे असतात. पण ती कोणा वरिष्ठाने वाचावीत म्हणून उमटलेली नसतात. कार्यालयाचे तसे नाही. ते आपल्याविषयीचा पुरावा स्वतः लिहिते, स्वतः जपते, त्यातला कोणता पुढे करायचा आणि कोणता कपाटात पडू द्यायचा हेही स्वतःच ठरवते. आणि मग संशोधक येतो, तो पुरावा वाचतो आणि त्याच्या आधारे त्याच कार्यालयाविषयी निष्कर्ष काढतो. आरोपीनेच लिहिलेला पंचनामा कोणतेही न्यायालय स्वीकारणार नाही. आमच्या विषयात मात्र पुष्कळसे संशोधन अशाच पंचनाम्यांवर उभे आहे, आणि त्यात आम्हाला फारसे वावगे वाटत नाही.

सगळे दप्तर खोटे असते, असे मला म्हणायचे नाही. तसे म्हणणे सोपे आहे आणि त्याचा उपयोगही काही नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की सरकारी कागद हा घडलेल्या गोष्टीचा नुसता वृत्तान्त नव्हे, तो स्वतःच एक घडलेली गोष्ट आहे. कोणीतरी, कोणाच्या तरी नजरेखाली, आधीच आखून दिलेल्या रकान्यात, काहीतरी मिळवण्यासाठी किंवा टाळण्यासाठी तो लिहिलेला असतो. तेव्हा त्यात काय लिहिले आहे हे वाचून झाल्यावर तो का लिहावा लागला हे वाचायचे उरते, आणि माझ्या मते संशोधनाला खरी सुरुवात तिथून होते.

एका क्षेत्रीय तपासनिसाची नोंदवही मी पूर्वी बारकाईने वाचली होती. नियमाप्रमाणे त्याने दरमहा ठरावीक ठिकाणी जाऊन पाहणी करायची आणि त्याच दिवशी वहीत नोंद करायची, असे होते. वही देखणी होती. तारीख, ठिकाण, पाहणीचा तपशील, शेरा. एकही रकाना रिकामा नव्हता. शेरा जवळजवळ सर्वत्र एकच, 'पाहणी केली, समाधानकारक'. सहा महिन्यांच्या नोंदींची शाई एक, अक्षराचा कल एक, लिहिताना पेनावर दिलेला जोरही एक. आणि त्यांत एक नोंद होती ३१ जूनची. तिच्याखाली वरिष्ठांची आद्याक्षरी होती, ठसठशीत.

नवखा अभ्यासक इथे लगेच हर्षभरित होतो. तपासनीस कामावर गेलाच नाही, बसल्या जागी वही भरली, प्रकरण संपले. परंतु त्या तपासनिसाशी बोलायला लागल्यावर असे दिसले की त्याला त्याच्या क्षेत्रातले प्रत्येक ठिकाण पाठ होते. कुठे काय बिघडलेले आहे, कुठला माणूस नियम पाळतो आणि कुठला फक्त पाहणीच्या दिवशी पाळतो, कुठे न कळवता गेले पाहिजे, हे त्याला न विचारताही सांगता येत होते. जिथे गडबड होती तिथे तो आठवड्यात दोन-तीनदा जात असे आणि जिथे काही नव्हते तिकडे महिनोन्‌महिने फिरकत नसे. वहीला मात्र सगळी ठिकाणे सारखी होती. काम आणि वही ही त्याच्या दृष्टीने दोन वेगळी कर्तव्ये होती आणि तो दोन्ही बजावत होता. ३१ जूनच्या नोंदीवरून त्याच्या फिरतीविषयी काही कळत नाही. कळते ते त्याच्या वरिष्ठांच्या वाचनाविषयी. ते नोंदी वाचत नव्हते, रकाने भरले आहेत की नाहीत एवढेच पाहत होते.

कायद्याच्या अभ्यासात लेखी नियम आणि प्रत्यक्ष वागणे यांमधले हे अंतर ज्यांनी आधी नीट पाहिले, त्यांत ऑयगेन एर्लिक यांचे नाव घ्यावे लागते. ते चेर्नोविट्झच्या विद्यापीठात रोमन कायदा शिकवत. हे शहर आज युक्रेनमध्ये आहे. तेव्हा ते ऑस्ट्रियन साम्राज्याच्या पूर्व टोकाला, बुकोविना प्रांतात होते. त्या लहानशा प्रांतात रोमेनियन, रुथेनियन, जर्मन, ज्यू, आर्मेनियन, हंगेरियन असे अनेक समाज एकमेकांशेजारी राहत होते आणि त्या सर्वांना १८११ ची ऑस्ट्रियन नागरी संहिता लागू होती. पुस्तकात कायदा एक होता, रीत मात्र समाजागणिक निराळी होती. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एर्लिक यांनी दिलेले एक उदाहरण माझ्या फार लक्षात राहिले आहे. मुलाच्या मिळकतीवर बापाचा सरसकट हक्क संहितेने मानलेला नव्हता. तरीही बुकोविनातल्या रोमेनियन शेतकऱ्याचे मूल कुठे चाकरीला लागले की महिन्याच्या महिन्याला आई किंवा बाप मालकाकडे येऊन पगार घेऊन जाई. मालक देऊन टाकी, मूल देऊ देई, आणि यावरून दावा लावायला कोणी कोर्टात जात नसे.

आता याविषयी न्यायालयाच्या दप्तरात काय सापडणार? जिथे तंटाच नाही तिथे निकाल कुठून येणार? नुसत्या निकालांवरून अभ्यास करणारा माणूस 'या कलमाबाबत वाद नाहीत, सबब ते सुरळीत लागू आहे' असे लिहून मोकळा होईल आणि वस्तुस्थिती नेमकी उलटी असेल. कलम कोणी मोडत नाही असे दिसते, कारण ते आहे याची कोणी दखलच घेतलेली नाही. एर्लिक यांनी यावर केलेला उपाय साधा होता: आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती प्रश्नावल्या देऊन त्यांनी त्यांना लोकांत पाठवले. कायद्याच्या प्राध्यापकाने ग्रंथालयाबाहेर पडून लोकांना 'तुम्ही वागता कसे' असे विचारावे, ही कल्पना तेव्हाच्या पंडितांना कितपत रुचली असेल याचा अंदाज करता येतो. आजच्याही काहींना ती रुचत नाही.

अमेरिकी कायदेअभ्यासक मार्क गॅलँटर यांनी १९७४ साली दुसऱ्या बाजूने हेच दाखवले. न्यायालयात दोन तऱ्हेचे पक्षकार येतात. एक, आयुष्यात एखादे वेळी येणारा; दुसरा, व्यवसायच तसा असल्यामुळे पुन्हा पुन्हा येणारा, जसे विमा कंपनी किंवा कर्ज देणारी संस्था. पहिल्याला आपला खटला जिंकायचा असतो. दुसऱ्याला मात्र एका निकालाइतकीच त्यातून पडणाऱ्या पायंड्याची चिंता असते. पायंडा आपल्या विरुद्ध पडेल अशी चिन्हे दिसली की तो तडजोड करतो आणि पैसे देऊन प्रकरण मिटवतो. तो आपल्या बाजूने पडेलसा वाटला तर शेवटच्या पायरीपर्यंत लढतो. निकालपत्रांचे जे जाडजूड खंड आपण कायद्याचे निःपक्ष भांडार समजून वाचतो, ते अशा निवडीतून गाळून आलेले असतात. या गाळणीचा उल्लेखही न करता 'न्यायालयांचा कल' या विषयावर प्रबंध लिहिले जातात.

या साऱ्या वाचनात माझ्यावर सर्वांत खोल ठसा उमटला तो समाजशास्त्रज्ञ पीटर ब्लाउ यांनी अमेरिकेतल्या दोन सरकारी कार्यालयांच्या केलेल्या, १९५५ साली ग्रंथरूपाने आलेल्या अभ्यासाचा. त्यातले एक कार्यालय उद्योगांकडून कायदा पाळला जातो की नाही हे तपासणारे होते. तपासनीस कंपन्यांत जात, हिशेब पाहत, कायदेभंग आढळला तर तसा अहवाल देत. एखाद्या मालकाने लाच देऊ केली तर ती गोष्ट तपासनिसाने वरिष्ठांना कळवलीच पाहिजे, असा स्पष्ट नियम होता. लाच देऊ केली जात असे, हे सगळ्यांना ठाऊक होते. तपासनीस ती घेत नसत. आणि तरीही ते कळवतही नसत. कळवणारा सहकाऱ्यांच्या मनातून उतरे.

असे का, याचा ब्लाउ यांनी लावलेला उलगडा मला अजूनही थक्क करतो. लाच देऊ करणारा मालक त्या क्षणी तपासनिसाच्या मुठीत येत असे. तो ओशाळलेला असे, आणि आपण काय बोलून गेलो याची धास्ती त्याला असे. मग पुढची बोलणी सोपी होत. चुकलेली देणी तो मुकाट्याने भरायला तयार होई. तपासनिसाच्या हातात आलेले हे हत्यार, वर तक्रार केली की निकामी झाले असते. शिवाय ज्याच्याकडे काही तोडगा निघेल अशी आशा वाटते त्यालाच माणूस लाच देऊ पाहतो, आणि तिथे थेट खटल्याची भाषा करणे हे तपासनिसांच्या आपापसातल्या रीतीत बसत नव्हते. म्हणजे नियम मोडला जात होता, पण तो मोडल्याने नियमामागचा हेतू, निदान त्यांच्या समजुतीप्रमाणे, पुढेच सरकत होता. आता या कार्यालयाचे दप्तर घेऊन बसलेल्या संशोधकाची कल्पना करावी. लाच देऊ केल्याच्या नोंदी जवळजवळ नाहीत. त्यावरून तो दोनपैकी एक म्हणेल: एक तर उद्योजक प्रामाणिक आहेत, नाहीतर तपासनीस पैसे खाऊन गप्प आहेत. दोन्ही चूक. बरोबर उत्तर कागदावर आलेलेच नाही, आणि ते येऊ नये याची काळजी ज्यांनी घेतली ती माणसे भ्रष्ट नव्हती.

त्याच कार्यालयातली आणखी एक रीत ब्लाउ यांनी टिपली आहे. अडलेल्या प्रकरणात तपासनिसाने सल्ला घ्यायचा तो फक्त आपल्या पर्यवेक्षकाचा, असा दंडक होता. पण पर्यवेक्षकच तुमच्या कामाची प्रत ठरवणार. त्याला वारंवार विचारणे म्हणजे आपले अज्ञान त्याच्यापुढे उघडे करणे. म्हणून तपासनीस एकमेकांना विचारत. जाणत्याला मान मिळे, विचारणाऱ्याला मार्ग मिळे, आणि पर्यवेक्षकाच्या लेखी सगळे स्वावलंबी ठरत. टेबलाटेबलांमधल्या या दबक्या चर्चांवर ते कार्यालय चालत होते.

दुसरे कार्यालय नोकऱ्या मिळवून देणारे होते. तिथे प्रत्येक मुलाखतकाराच्या कामाचे आकडे ठेवले जात. सुरुवातीला मोजल्या जात त्या फक्त मुलाखती. तेव्हा लोकांना भराभर पुढे ढकलण्याकडे कल झाला. मग किती जणांना प्रत्यक्ष काम मिळाले वगैरे आणखी मोजमापे आली, तेव्हा रिकाम्या जागांची माहिती आली की सहकाऱ्याच्या हाती लागू नये म्हणून ती आपल्यापाशी दडवून ठेवण्याकडे कल झाला. ब्लाउ यांनी दोन गटांची तुलना केली. ज्या गटात चढाओढ कमी आणि सहकार्य जास्त होते, तो एकूण कामात पुढे होता. दुसऱ्या गटात आकड्यांत चमकणारी माणसे आकडे मिळवत होती आणि कार्यालयाचे काम मागे पडत होते.

हे वाचताना विद्यापीठांतल्या आपल्याच जगाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. शोधनिबंधांची संख्या मोजायला लागल्यापासून एका अभ्यासाचे तीन तुकडे करून तीन ठिकाणी छापण्याची कला आमच्याकडेही बहरली आहे. दुसऱ्यांच्या कार्यालयांत गुणांकनाचे दुष्परिणाम शोधणारी आम्ही माणसे आपले गुणांकनाचे तक्ते दरवर्षी निमूटपणे भरतो, आणि ते भरताना ३१ जूनच्या तपासनिसाहून आम्ही फार वेगळे वागतो असे मला वाटत नाही. असो.

शासनव्यवहाराच्या तौलनिक अभ्यासात हा प्रश्न आणखी वरच्या मजल्यावर जातो, कारण तिथे एकेका देशाला गुण दिले जातात. जागतिक बँकेचा व्यवसायसुलभतेचा निर्देशांक हे त्याचे ठळक उदाहरण. एक काल्पनिक कंपनी धरायची, ती देशातल्या मोठ्या व्यापारी शहरात आहे असे मानायचे, आणि तिला अमुक परवाना मिळायला किती टप्पे आणि किती दिवस लागतील हे तिथल्या वकील, हिशेबनीस अशा जाणकारांना विचारायचे, अशी त्याची पद्धत होती. मेरी हॉलवर्ड-ड्रीमायर आणि लँट प्रिचेट यांनी २०१५ साली हे दिवस आणि बँकेच्याच दुसऱ्या पाहणीत खऱ्याखुऱ्या कंपन्यांनी सांगितलेले दिवस शेजारी शेजारी ठेवून पाहिले. दोन्हींचा मेळ बसेना. पुष्कळ कंपन्यांचे काम नियमात दिसणाऱ्या मुदतीपेक्षा फारच लवकर झालेले होते, आणि एकाच देशात एकीला थोडे दिवस तर दुसरीला अनेक महिने, असा विलक्षण फरक होता. ज्या देशात नियम कडक तिथे सगळ्यांना उशीर, असे दिसत नव्हते. तिथे नियम दाराशी उभा होता आणि कोणाला कोणत्या दाराने आत घ्यायचे ते आतला माणूस ठरवत होता. ही गोष्ट सरासरीत बुडून जाते. पुढे २०१८ आणि २०२० च्या अहवालांच्या आकडेवारीत गैरप्रकार आढळले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने हा निर्देशांक बंदच केला. पण माझ्या दृष्टीने त्यातला मोठा दोष आकडे फिरवण्याचा नव्हताच. आकडे इमानेइतबारे भरले असते तरी ते एका न जन्मलेल्या कंपनीचे चरित्र राहिले असते.

यावरून कागदाचा नाद सोडून द्यावा आणि फक्त मुलाखती घ्याव्यात, असा सूर तरुण अभ्यासकांत अधूनमधून निघतो. मला तो पटत नाही. माणसेही रकाने भरतात, फक्त तोंडाने. संशोधक समोर बसला की अधिकारी धोरणाच्या भाषेत बोलू लागतो आणि कारकून तक्रारीच्या. शिवाय कागदाची एक बाजू हर्बर्ट कॉफमन यांनी १९६० साली दाखवली आहे, ती विसरता येत नाही. अमेरिकेच्या वनसेवेतले रेंजर मुख्यालयापासून शेकडो मैलांवर, एकमेकांपासून दूर, आपापल्या जंगलात काम करत; तरी ते फुटून वाटेल तसे वागायला का लागत नाहीत, हा कॉफमन यांचा प्रश्न होता. त्यांना सापडलेल्या कारणांत जाडजूड नियमपुस्तिका होत्या, वारंवार होणाऱ्या बदल्या होत्या, खात्याच्या मुशीत घडलेले मन होते. आणि एक रोजनिशी होती. रेंजरने दिवसाचा वेळ कसा गेला हे अर्ध्या अर्ध्या तासाच्या हिशेबाने लिहायचे असे. ही रोजनिशी खोटी लिहिणे अशक्य नव्हते, अवघड मात्र होते, कारण तिचा मेळ खर्चाच्या नोंदींशी, कामाच्या अहवालांशी आणि प्रत्यक्ष तपासणीत दिसणाऱ्या जंगलाशी बसवावा लागे. एकटा कागद बेधडक खोटे बोलतो. दहा वेगवेगळ्या हेतूंनी, दहा वेगवेगळ्या टेबलांवर तयार झालेल्या कागदांना एकच खोटे बोलायला लावायचे तर खऱ्या कामाहून जास्त कष्ट पडतात. म्हणून वाहनाच्या इंधनाची नोंद, आवक-जावक वही, रजेचे अर्ज, शिपायाची टपालवही असले कोणाला दाखवण्यासाठी न लिहिलेले कागद मला मुख्य अहवालापेक्षा नेहमी जास्त बोलके वाटत आले आहेत.

आणि कधी कधी सगळे कागद खरे असतात. तरीही घडलेले काहीच नसते. जेफ्री प्रेसमन आणि आरोन विल्डाव्हस्की यांनी १९७३ साली अभ्यासलेले ओकलंड शहरातले प्रकरण असे आहे. अमेरिकेच्या संघ सरकारने १९६६ साली तिथल्या बेरोजगारांसाठी सुमारे २ कोटी ३० लाख डॉलरची योजना जाहीर केली. विमानाचे हँगर, बंदराचे काम आणि त्यातून सुमारे ३,००० नोकऱ्या. विरोध कोणाचाच नव्हता, पैसा मंजूर होता, हेतू चांगला होता, आणि तरी वर्षे लोटली आणि कामे रेंगाळत राहिली. खलनायक शोधूनही सापडेना. तेव्हा या दोघांनी निर्णयाचे टप्पे मोजले. ते ३० निघाले आणि त्यांसाठी वेगवेगळ्या लोकांच्या लागणाऱ्या संमती ७० भरल्या. एकेक संमती मिळण्याची शक्यता ९९ टक्के धरली तरी सत्तरच्या सत्तर मिळण्याची शक्यता निम्म्याहून किंचित कमीच येते. ९५ टक्के धरली, तर ती ३ टक्क्यांच्याही खाली जाते. यात कोणीही खोटे लिहिलेले नाही. 'सहमत', 'तत्त्वतः सहमत', 'अटींच्या अधीन राहून सहमत' असे लिहिणारा प्रत्येक जण प्रामाणिक होता, असे समजायला हरकत नाही. अपयश एका कागदात सापडत नाही. ते दोन कागदांच्या तारखांमधल्या अंतरात असते. फाइल वाचताना मी टिपण्यांआधी तारखांची एक वेगळी यादी करतो, ती याच कारणाने.

मॅथ्यू हल यांनी इस्लामाबादच्या राजधानी विकास प्राधिकरणातल्या फाइलींचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध केला, त्यात यापुढचे पाऊल आहे. फाइलवरची सही जबाबदारी कोणाची हे निश्चित करते, असे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. हल यांना दिसले ते असे की फाइल जितक्या टेबलांवरून फिरते आणि तिच्यावर जितक्या सह्या चढतात, तितकी जबाबदारी पसरत जाते, आणि शेवटी निर्णय कोणा एकाचा न राहता फाइलचा होतो. ज्याने कार्यालयात काम केले आहे त्याला यात नवे काहीच वाटणार नाही. नवे आहे ते हे, की त्यांनी फाइलला माहितीचा साठा न मानता काम करणारी वस्तू मानले आणि ती कोणाच्या टेबलावर किती काळ, कोणत्या कारणाने थांबली याचा माग काढला. नयनिका माथुर यांनी उत्तराखंडच्या डोंगराळ भागात रोजगार हमीच्या कायद्याचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनाही अधिकाऱ्यांचे कितीतरी श्रम कायदा कागदावर उभा करण्यातच खर्ची पडताना दिसले. या दोन्ही अभ्यासांत कार्यालयात बसून राहण्याचा जो चिवटपणा आहे, तो आठवडाभराच्या 'क्षेत्रभेटी'त येणारा नाही.

गेल्या काही वर्षांत आमच्या विषयात एक नवी आशा पसरली आहे. सगळे अर्ज आता संगणकावर येतात, प्रत्येक हालचालीला आपोआप तारीख-वेळ लागते, तेव्हा ३१ जून आता शक्यच नाही, असे म्हटले जाते. खरे आहे; संगणक ३१ जून स्वीकारत नाही. पण तो रिकामा रकानाही स्वीकारत नाही. ज्यांची जन्मतारीख माहीत नाही ते सगळे १ जानेवारीला जन्मतात. दूरध्वनी क्रमांकाच्या जागी नऊचा आकडा दहा वेळा येतो. सक्तीच्या शेऱ्यात नुसते एक टिंब असते, कारण टिंब दिले की पुढचे पान उघडते. हे टिंब हजारो अर्जांमध्ये पाहिले की त्या खिडकीमागे बसलेल्या माणसाचा दिवस कसा जात असेल, हे कुठल्याही समाधान-सर्वेक्षणापेक्षा स्पष्ट कळते.

अलीकडे एका सेवेची अशी आकडेवारी आम्ही पाहत होतो. मुदतीत निकाली निघालेल्या अर्जांचे प्रमाण जवळजवळ पूर्ण होते आणि प्रलंबित अर्ज नव्हतेच. मी माझ्या विद्यार्थिनीला एवढेच सांगितले की कोरा नमुना आणून दे, भरण्याच्या सूचनांचे परिपत्रक आणून दे, आणि जो माणूस हे संगणकात चढवतो त्याच्या शेजारी काही दिवस बसून ये. ती जे घेऊन आली ते असे. मुदत संपली की त्या अर्जाची ओळ पडद्यावर लाल होते आणि लाल ओळींची संख्या रोज वरिष्ठांकडे जाते. निकालाच्या रकान्यात पर्याय दोनच, 'मंजूर' आणि 'नामंजूर'. 'आमच्याकडेच थांबला आहे' असा पर्यायच नाही. तेव्हा मुदतीच्या शेवटच्या दिवशी, बहुधा संध्याकाळी, 'कागदपत्रे अपूर्ण' या कारणाने अर्ज नामंजूर होतो आणि अर्जदाराला नव्याने अर्ज करायला सांगितले जाते. नवा अर्ज, नवा क्रमांक, नवी मुदत. एकच बाई आकडेवारीत तीनदा येते. दोनदा मुदतीत नामंजूर झालेली, एकदा मुदतीत मंजूर झालेली. तिन्ही नोंदी खऱ्या आहेत, तिन्हींची वेळ अचूक आहे.

खिडकीमागचा तो माणूस यात काही लपवत नव्हता. विद्यार्थिनीने विचारल्यावर त्याने सगळे मोकळेपणाने दाखवले, आणि वर आपल्या स्वतःच्या वहीत कोण किती वेळा आले याच्या पेन्सिलीने केलेल्या खुणाही दाखवल्या. परत येणाऱ्याला रांगेत पुन्हा उभे करायचे नाही, म्हणून त्या तो ठेवत असे. त्या वहीला कोणत्याही परिपत्रकाचा आधार नाही आणि तिची कोणी तपासणी करत नाही. आता आम्ही अर्ज मोजणे सोडून त्या खुणांच्या मदतीने माणसे मोजत आहोत. काम संथ चालले आहे, कारण एकाच व्यक्तीचे नाव तीन अर्जांत तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडते आणि प्रत्येक वेळी पत्ता, वय, सोबतचे दाखले ताडून ती एकच आहे ना याची खात्री करून घ्यावी लागते.